तारानं दार उघडलं का

केशोरी गावच्या केवळरामनं दोन गोष्टी ठरवल्या होत्या. रात्री जेवणाच्या वेळची ती मालिका घरात लागणार नाही, आणि पोरगी आचल गोंदियाला शिकायला जाणार नाही. दुसरी गोष्ट पहिलीतूनच निघाली होती. गोंदियात आचल राहणार होती चंदाआत्याकडे, आणि केवळरामच्या या बहिणीच्या घरी ती मालिका रोज चाले, जाहिरातींसकट.

आचल दहावीत चांगल्या टक्क्यांनी पास झाली होती. प्रवेशाची मुदत संपत आली होती.

"सोळा वर्षांची पोरगी," केवळराम बायकोला म्हणाला. "त्या मालिकेत भावजय दिराच्या मांगं लागली हाय. असं पाहून पोरीच्या डोक्यात का येईन?"

"तुमाले कसं मालूम जी?" सुलोचना म्हणाली.

"लोकं सांगतात."

आचलनं वाद घातला नाही. ओढणी खोचली नि आईसोबत धानाच्या रोवण्याला गेली.

शेताच्या वरच्या बांधीत रुख्माबाईच्या टोळीनं रोवणा धरला होता. बाया ओळीनं वाकलेल्या, घोटाभर चिखल, हातात धानाचे हिरवे पऱ्हे. रुख्माबाई कडवं म्हणायची नि बाकीच्या झेलायच्या. गाणं चाललं की हात चालतात, म्हणून केवळरामला गाणं आवडायचं. शब्द त्यानं कधी ऐकले नव्हते. पावसाचा आवाज ऐकावा तसं तो ते ऐकायचा. त्यामुळे दोन वर्षांपासून रुख्माबाई जुनी गाणी सोडून काल रात्रीची मालिकाच गाते, हे साऱ्या गावाला माहीत होतं, त्याला सोडून.

*माडीवरती तारा गं, केस वाळवी उन्हात,*
*धाकला दीर बाई, पाणी मागतो मनात.*

*नवऱ्यानं धाडलं गं, दुबईहून सोनं,*
*दीर उभा दारामंदी, भिजल्या अंगानं.*

आणि गाणं थांबलं. हात थांबले. अर्धी बांधी हिरवी, अर्धी नुसता चिखल.

"काऊन थांबल्या?" पऱ्ह्यांच्या जुड्या फेकता फेकता केवळरामनं बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून विचारलं.

"पुढचं मालूम नाई ना भाऊ," रुख्माबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काल ऐन टायमाले लाइट गेली. तारानं दार उघडलं का नाई, गावात कोनालेच मालूम नाई."

"मंग दुसरं गाणं म्हना."

सगळ्या बाया त्याच्याकडे बघायला लागल्या. चूक त्याच्याही ध्यानात आली. बांधीत उचललेलं गाणं त्याच बांधीत संपवावं लागतं. अर्धं टाकलं तर लोंबी पोचट येते. हे त्याला त्याच्या मायनं शिकवलं होतं आणि त्यानं ते कधी मोडलं नव्हतं.

"मंग उघडू द्या तिले दार," तो म्हणाला. "नि संपवा."

"पाह्यल्याबिगर मी जोडत नाई," रुख्माबाई म्हणाली. "खोटं गानं मले जमत नाई."

ढग उतरत होते. जुड्या पाण्यात तरंगत होत्या. केवळराम धुऱ्यावर उभा होता, आणि तारा दाराच्या आत उभी होती.

ओळीच्या शेवटून आवाज आला. बारीक, पण सुरात.

*कडी काढली तारानं, पैंजण धरून हातात,*
*दिव्याले म्हणे, राजा, झोप आता वातीत.*

बायांनी ते असं झेललं की पलीकडच्या बांधीतले बगळे उडाले.

*सासू पुसे सकाळी, उंबरा ओला कशानं,*
*तारा म्हणे, आत्याबाई, पाऊस आला वाऱ्यानं.*

रुख्माबाईनं मान वळवून आचलकडे पाहिलं नि पुन्हा वाकली. बांधी संपली.

केवळरामनं आचलला धुऱ्यावर बोलावलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा गाण्याचे शब्द ऐकले होते.

"कोनाच्या घरी पाह्यलं?"

"नाई पाह्यलं, बाबा. लाइटच नोहोती."

"मंग कुठून आलं?"

"आलं," आचल म्हणाली. गोंदिया आता गेलंच, हे तिला दिसत होतं, तरी तिनं तेवढंच सांगितलं. दुसरं काही खरं नव्हतं.

सुलोचना मागून हात धूत आली. "तुमच्या मायचं गानं आठवा जी. ते कोंबड्याचं. 'आज नोको आरवू' म्हणत होती ते."

"ते कोंबड्याचं होतं."

"गान्यातली पोरगी कोंबड्याले काऊन म्हणन, आज नोको आरवू?"

पाळण्यात असल्यापासून केवळरामनं ते गाणं ऐकलं होतं. त्याला ते कोंबड्या पाळण्याबद्दल वाटत आलं होतं.

संध्याकाळी लाइट आली. केवळरामनं स्वतः टीव्ही लावला आणि आचलला समोर बसवलं. कालचा भाग पुन्हा दाखवत होते. तारा दारापर्यंत आली. वीज चमकली. ताराचं तोंड दाखवलं, मग दिराचं, मग सासूचं, मग पुन्हा ताराचं. पडदा हलला. साबणाची जाहिरात लागली.

"बस?" केवळराम म्हणाला.

"एवढंच राह्यते," सुलोचना म्हणाली.

"दिवा?"

"दिवा आचलनं घातला."

त्यानं फोन उचलला नि बहिणीला लावला.

"चंदा, पोरीले पाठवून राहिलो. परवाच्या बसनं."

"काऊन गा भाऊ? तू त टीव्हीवरून नाई म्हणत होतास."

"टीव्ही चालू देजो. रोज पाहू देजो."

"अन अभ्यास?"

"तोही करू देजो. फक्त रिकामी बसू देऊ नोको."

आतल्या खोलीत आचल पेटी भरायला लागली होती, आणि भरता भरता काहीतरी गुणगुणत होती. नवीन होतं. शब्द नीट लागत नव्हते.

केवळरामनं टीव्हीचा आवाज वाढवला.