प्रमोदिनीचं अक्षर

सूर्यकांतरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचपेटीला टेकेल इतके ते वाकले. आत कुठल्याशा राणीच्या बांगड्या होत्या. बांगड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते खालची माहितीची चिठ्ठी बघत होते. तीही छापील निघाली.

"बाबा, हीपण कम्प्युटरची आहे," आशय म्हणाला. "सगळ्या बदलल्यात त्यांनी. चलो, कँटीनमध्ये चहा घेऊ."

"अजून दोन दालनं राहिलीत."

दिल्लीच्या या संग्रहालयातल्या चिठ्ठ्या सव्वीस वर्षं त्यांच्या बायकोनं, प्रमोदिनीनं लिहिल्या होत्या. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात. तिच्या हिंदी अक्षराची साहेबलोक तारीफ करायचे. नवऱ्याला मात्र तिनं आयुष्यात एक पत्र लिहिलं नाही. दोघं एकमेकांना सोडून राहिलेच कधी, म्हणून लिहायचं?

ती जाऊन तीन वर्षं झाली. मागे दोन वह्या उरल्या होत्या, एक लोणच्या-मसाल्यांची आणि एक आरत्यांची. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये जाताना आशयनं त्या पेपरांच्या गठ्ठ्यातून कबाडीवाल्याला दिल्या. मुद्दाम नव्हे, घाईत. पोराला बोलून वह्या थोड्याच परत येणार होत्या? आज सकाळी मात्र ते स्वतःहून म्हणाले होते, "रविवार आहे. मला म्युझियमला ने."

शेवटच्या दालनातही छापील चिठ्ठ्याच होत्या. ते बाकावर बसले. तिचं एक अक्षरसुद्धा आता या जगात नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

आशय समोर उभा राहिला. "बाबा, सॉरी. त्या वह्या मी उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत."

सूर्यकांतरावांचं लक्ष नव्हतं. ते त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. दारामागे, एका दगडी देवीच्या आड, भिंतीवर छोटी लाकडी पाटी होती, बदलायची राहून गेलेली. काळ्या रंगात, ब्रशनं लिहिलेली. 'कृपया मूर्तियों को न छुएँ.' त्यातला चंद्रबिंदू नेमका तसा होता, जशी प्रमोदिनी रोज कपाळावर कुंकवाची कोर काढायची.

ते उठले. पाटीजवळ गेले आणि पहिल्या शब्दाच्या शिरोरेघेवर बोट ठेवून हळूहळू पुढे नेऊ लागले. श्वास त्यांनीही रोखला होता.

"बाबूजी!" दारातला चौकीदार ओरडला. "हाथ मत लगाइए! सामने लिखा है, दिखता नहीं?"

आशय ताडकन वळला. "भैया, वो मेरी माँ ने..."

सूर्यकांतरावांनी बोट उचललं. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते एक पाऊल मागे सरले.

"त्याला रागावू नकोस," ते म्हणाले. "तिनंच लिहिलंय ना."