बंद खोलीतलं मीटर

इंद्रभानचा विश्वास फक्त कुलपावर होता, आणि तोही दोनदा ओढून पाहिल्यावर. त्याला कारणही होतं. पिंपळगाव राजा या गावात त्याच्या भावाचं दुकान एका भाडेकरूनं चौदा वर्षं दाबून ठेवलं होतं. दुधानं तोंड पोळलं भावाचं, ताक फुंकून पीत होता हा. जळगाव जामोदच्या आपल्या घराची रस्त्याकडची खोली अशीच हातची जाईल, ही धास्ती त्याच्या डोक्यात घर करून बसली होती, आणि तिला मात्र कुणी नोटीस देऊ शकत नव्हतं.

अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरूनं सगळं सामान अंगणात काढायचं, खोली एक दिवस रिकामी ठेवायची, मगच पुन्हा आत जायचं, असा त्याचा नेम. एकानं दारात लिंबाचं रोप लावलं, तर महिनाभर नळ बंद ठेवून त्याला घालवलं. आज झाड लावतो, उद्या मालकी सांगेल!

सध्या खोलीत योगिनी नावाची नर्स राहत होती. इंद्रभान दोन दिवस भावाकडे जाऊन आला, तेव्हा दाराला तिचं कुलूप होतं. आठवडा उलटला तरी ते निघालं नाही. फोन ती उचलत नव्हती.

"खोली अडकवून पळाली थे," तो बायकोला म्हणाला.

"येईल थे," सत्यभामाबाई वांगी चिरता चिरता म्हणाली.

कुलूप तोडावं, तर उद्या तीच पोलिसांत जाऊन आत सोनं होतं म्हणायची. म्हणून त्यानं कुलपाला हात लावला नाही. पण एका संध्याकाळी त्याची नजर ओट्यावरच्या मीटरकडे गेली. त्या खोलीचं मीटर वेगळं होतं, आणि आकडा पुढे सरकला होता.

दाराला कुलूप आणि आत वीज जळते! तो सकाळ-संध्याकाळ, बाजारात जाता-येता आकडा पाहू लागला. दुपारी तो बाजारात गेला की नेमकं तेवढ्या वेळातच मीटर फिरायचं. म्हणजे नर्स चोरून येत होती, ताबा दाखवत होती, आणि मागे नक्की एखादा वकील होता. मग त्याला दूधवाल्याचा संशय आला, शेजारणीचा आला.

"दुपारी कोणी येते काय वं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मले तं नाही दिसलं."

"तुले काय दिसते म्हना."

दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन निघाला आणि समोरच्या राजकुमारच्या पिठाच्या गिरणीत दडून बसला. राजकुमारला तर हा फुकटचा तमाशाच होता. ऊन रणरणत होतं. अर्ध्या तासानं घराचं दार उघडलं. सत्यभामाबाई बाहेर आली, कमरेची किल्ली काढली, खोलीचं कुलूप उघडलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

इंद्रभान धावतच गेला आणि त्यानं दार ढकललं. खोली रिकामी होती. पंखा फिरत होता आणि खाली सतरंजीवर बायको पाय पसरून बसली होती.

"नर्स कुठं हाय?"

"बदली झाली तिची. तुमी भावाकडं गेल्ते तवाच खोली खाली केली. किल्ली माह्यापाशी देल्ली. तुमचा फोन उचलू नको म्हनून मीच सांगितलं तिले."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी दुसरा भाडेकरू आनला असता."

"पन तू इथं करतं काय?"

"काहीच नाही. बसाचं उगंमुगं." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं झाले. मी नहानीत गेली तरी तुमी बाहेरून इचारता, काय करून राह्यली. इथं कोणी इचारत नाही."

इंद्रभानला नोटीस कशी द्यायची ते ठाऊक होतं, पाणी कधी तोडायचं ते ठाऊक होतं. या बाईवर मात्र त्यातलं काहीच चालणार नव्हतं. त्याला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. तो मागे सरला आणि दार त्यानं स्वतःच ओढून घेतलं.

तोवर राजकुमार पिठाचे हात झटकत ओट्यापर्यंत आला होता. त्याच्या मागे गिरणीतल्या दोन बायाही होत्या. "काय भाऊ, कोन हाय आत?"

बायको आपल्याच घरात लपून बसते, हे गावाला कसं सांगावं?

"कोनी नाही," इंद्रभान म्हणाला.

तेवढ्यात दारामागे आतून कडी लागली.