मशीन बरी आहे

मेस्त्रीने डोळे मिटले, डावा हात डॅशबोर्डवर सपाट ठेवला आणि म्हणाला, "घे दादा."

दादाने गाडी चढाला घातली. मागे हौद्यात वाळूची बारा पोती होती, मुद्दाम भरलेली. पहिल्या वळणापर्यंत पिकअप तिसऱ्या गिअरमध्ये बरी गेली. मग तिचा आवाज बसत चालला. दादाने दुसरा टाकला, मग पहिला टाकला, आणि विजेच्या खांबापाशी, नेहमीच्याच जागी, गाडीने मान टाकली. दादाने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही, तेच तर." मेस्त्रीने डोळे उघडले. "खडखड नाही, धूर नाही, कसली तक्रार म्हणून नाही. नुसती ओढत नाही."

"म्हातारी झाली. माझ्यासारखी," दादा म्हणाला आणि हसला.

मेस्त्री हसला नाही. डोळे मिटून गाडी ऐकायची ही त्याची पद्धत, आणि त्याच पद्धतीवर त्याचं नाव झालं होतं. गिऱ्हाइकाने चालवायचं, याने शेजारी बसून ऐकायचं, आणि खाली उतरल्यावर सांगायचं की तिसऱ्या नंबरचं नोझल गेलंय. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. आणि आता सख्ख्या थोरल्या भावाची गाडी तीन आठवडे दारात उभी होती आणि तिचा आजार काही कानाला लागत नव्हता. लाज वाटावी अशीच गोष्ट होती, आणि त्याला ती वाटतही होती.

दादा एकोणीस वर्षं ही पिकअप चालवत होता. चढावर नवी घरं होत होती आणि त्यांचं सिमेंट, फरशी, सळया, सगळं याच गाडीतून वर जायचं. गेल्या महिन्यात भरलेली गाडी खांबापाशी बंद पडली आणि मागे घरंगळली. ब्रेक लागलाच नाही, असं दादा म्हणाला. गाडी खांबाला अडली म्हणून निभावलं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन त्याच जागेवरून जेमतेम पाच पावलं पुढे गेली होती. मेस्त्रीने ब्रेक उघडून पाहिले, त्यांत काही नव्हतं. पण सामानवाल्या शेटने सरळ सांगितलं, सोमवारी भरलेली गाडी वर आलेली दिसली पाहिजे, नाहीतर मी दुसरी लावतो. त्याचंही काही चुकलं नव्हतं. पण गाडी चालवण्याखेरीज दादाला दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं. घरातला बल्ब बदलायचा झाला तरी वहिनीच स्टुलावर चढायची.

मेस्त्रीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? एअर फिल्टर नवा, डिझेल फिल्टर नवा. नोझलं काढून तपासून आणली. टॅपेट दोनदा सेट केले. सायलेन्सर उतरवून त्यातली काजळी काढली, तेव्हा तो स्वतः धुराड्यातून आल्यासारखा दिसत होता. बॉनेटखालून पंपाचा लिव्हर हाताने ओढला की इंजिन असं काही गर्जायचं की शेजारचा पंक्चरवाला पाना टाकून बघायला यायचा.

"काय मेस्त्री, झाली का?"

"कसली होते! जागेवर वाघ आहे, चढावर शेळी."

"कमाल आहे बुवा. नाव पिकअप, आणि तिलाच पिकअप नाही," असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर दिवसभर खूश राहायचा.

आणि या सगळ्या काळात दादा स्टुलावर बसून. गाडीची किल्ली त्याच्या खिशात, आणि खिसा त्या स्टुलावर. सुरू कर म्हटलं की उठून सुरू करायचा, गॅरेजमधल्या खड्ड्यावर घे म्हटलं की घ्यायचा. संध्याकाळी किल्ली घेऊन घरी. एकोणीस वर्षांत त्याने दुसऱ्या कुणाला त्या सीटवर बसू दिलं नव्हतं, भावालाही नाही. "बायको एक वेळ माहेरी पाठवीन, गाडी नाही देणार," असं वहिनीच्या देखत म्हणायचा आणि वर तिच्याच हातचा चहा प्यायचा.

त्या शनिवारी चढावरून उतरल्यावर मेस्त्रीने हात टेकले.

"आता इंजिनच उतरवायचं. उद्या सकाळी लवकर ये."

"सोमवारपर्यंत होईल?"

"बघू."

दादा भिंतीला हात लावत लावत रस्त्याला लागला. मेस्त्रीने शटर ओढलं.

रविवारी सकाळी दादाच्या जागी वहिनी आली. तिने मूठ उघडली. आत किल्ली होती.

"दादानं दिली?"

"देतायत! झोपलेत. खिशातून काढून आणलीय. सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यात आपटले. लागलं नाही फार, पण आज मी काही त्यांना घराबाहेर पडू देणार नाही. तुम्ही काय ते करा भावोजी, उद्या सोमवार आहे."

"आपटला कसा?"

"चप्पल निसटली. हल्ली उजवी चप्पल सारखी निसटते त्यांची. पायातून जाते आणि चार पावलं गेल्यावर कळतं. म्हणून तर दिवसभर बूट घालून हिंडतात."

"हं," मेस्त्री म्हणाला. त्याचं लक्ष किल्लीकडे होतं. गाडी खड्ड्यावर घ्यायची, इंजिनाचे बोल्ट ढिले करायचे, दोरखंड कुठे ठेवलाय कुणास ठाऊक. पण किल्ली हातात आलीच होती, पोती अजून हौद्यात होती. म्हटलं, उतरवण्याआधी एक राउंड आपणच मारून बघावा.

"मी बसते इथं," वहिनी म्हणाली आणि दादाच्या स्टुलावर बसली.

चढाच्या पायथ्याशी मेस्त्रीने तिसरा टाकला आणि पाय दाबला. पहिलं वळण गेलं. गाडी ओढतच होती. खांब आला, खांब गेला. गाडीला त्याची दखलही नव्हती. दुसऱ्या वळणावर तर चौथा टाकावा की काय असं वाटू लागलं. मेस्त्री एकटाच मोठ्याने हसला. "अगं बाई! आज कोणता मुहूर्त लागला तुला?" असं म्हणून त्याने स्टिअरिंगवर थाप मारली. झालं, सुटला दादा. टॅपेटचंच काम होतं म्हणायचं. शेवटी धरलंच की आपण!

माथ्यावर गाडी वळवताना त्याच्या लक्षात आलं, की कालपासून आपण गाडीला हात लावलेला नाही.

काल ही इथे चढली नव्हती. तीच वाळू, तोच चढ. मध्ये फक्त एक रात्र गेली होती.

तो खाली गेला आणि पुन्हा चढला. गाडी पुन्हा चढली. तिसऱ्या खेपेला खांबाच्या जरा अलीकडे त्याने उजवा पाय हलकेच सैल केला, पायडल अर्ध्यावर येईपर्यंत. आवाज बसला. मेस्त्रीला डोळे मिटायची गरज पडली नाही. तीन आठवडे त्याने ऐकलेला आवाज तो हाच. त्यात कसला बिघाड नव्हता. इंजिनाला जेवढं मागितलं तेवढं ते देत होतं, आणि मागणारा पायच कमी मागत होता. आणि शेजारी बसून याने प्रत्येक वेळी डोळे मिटले होते. नुसती मान खाली घालून पाहिलं असतं तरी दिसलं असतं.

त्याने गाडी खांबापाशी कडेला लावली.

चप्पल निसटते. चार पावलं गेल्यावर कळतं.

अण्णांचं असंच सुरू झालं होतं. अण्णा, म्हणजे या दोघा भावांचे वडील, शिंपी होते. एका वर्षी अण्णा म्हणू लागले, मशीन जड झालीय, पायडल रेटवत नाही. मेस्त्री तेव्हा नऊ वर्षांचा असेल. लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन तो रोज शाळेत जाण्याआधी मशीनखाली शिरायचा. वरून अण्णा सांगायचे, "दोनच थेंब रे." त्याने पट्टा ताणला, पट्टा सैल केला, चाकात अडकलेले दोरे काढले. मशीन हलकी झाली का, विचारलं की अण्णा म्हणायचे, झाली बघ जराशी. याच्या हातात गुण आहे, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. मेस्त्री मेस्त्री झाला तो तिथेच. मग एक दिवस मशीन दुरुस्त करणारा माणूस आला. त्याने वाकून एका हाताने पायडल हलवलं, आणि मशीन अशी पळाली की बघत राहावं. त्याने अण्णांच्या पायांकडे पाहिलं. "मशीन बरी आहे," एवढंच म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. अण्णा पुन्हा त्या मशीनवर बसले नाहीत. दुसऱ्या वर्षी ते उभे राहीनासे झाले, तिसऱ्या वर्षी त्यांचे हात गेले, आणि मग घास गिळेना. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं. औषध नाही म्हणाले. मुलांनाही येईल किंवा येणार नाही, असंही म्हणाले. आईने ते वाक्य घरात पुन्हा कुणाला उच्चारू दिलं नाही.

मेस्त्री खाली उतरला. खांबाला धरून आधी उजव्या पायाच्या चवड्यावर उभा राहिला. मग उगाच डाव्याच्याही.

गॅरेजसमोर गाडी थांबायच्या आत वहिनी उठली होती.

"चढली?"

"चढली."

"भरलेली?"

"भरलेलीच."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती तशीच रडली, हसली. "मी म्हणत होते, भावोजी काहीतरी करतीलच! थांबा, मी सांगून येते त्यांना."

"वहिनी..."

ती वळली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा मोकळा त्याने पाहिला नव्हता.

"सावकाश जा," तो म्हणाला.

ती गेल्यावर तो सीटखाली वाकून बसला. रेसच्या पायडलची स्प्रिंग काढली आणि जुन्या डब्यातून एक बारीक, नरम स्प्रिंग शोधून लावली. आता पायडल एका बोटाने खाली जात होतं. दादा उद्या चढेल. शेट बघेल. सहा महिने निघतील, कदाचित वर्षही. स्प्रिंग कडक होती म्हणून सांगायचं. खोटं म्हणावं असंही काही ते नव्हतं.

मग त्याची नजर बाजूच्या पायडलवर गेली. ब्रेकचं. तेही उजव्याच पायाचं, आणि त्याला नरम करायला कुठली स्प्रिंग नव्हती. गाडी चढेल, पण कधीतरी उतरेलही. ती बाई, कडेवरचं लेकरू, पाच पावलं. मेस्त्रीने शिवी हासडली, कुणाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. नरम स्प्रिंग काढून त्याने जुनी पुन्हा बसवली.

तासाभरात दादा आला. बूट घातलेला, दाढी केलेली, कपाळावर टेंगूळ. भिंत संपली तिथून गाडीपर्यंतचं अंतर त्याने जपून कापलं आणि दाराला धरून उभा राहिला. वहिनीने किल्ली पळवली याचा राग त्याच्या तोंडावर कुठे नव्हता. उलट तोंड भरून हसत होता.

"चोरून चालवलीस ना माझी गाडी? असू दे. काय सापडलं सांग."

मेस्त्री आत गेला. फळीवर, पान्यांच्या मागे, लांब चोचीची ती कुपी अजून होती. अण्णांची मशीन केव्हाच विकली होती, पण कुपी त्याने ठेवली होती. ती घेऊन तो आला, दादाच्या पायाशी वाकला आणि पायडलच्या बिजागरीवर त्याने तेल सोडलं. एक थेंब. मग दुसरा.

दादा बघत होता. कुपीकडे, मग भावाच्या हाताकडे. हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं.

"तेल घालतोयस," तो म्हणाला.

"हो."

"किती?"

"दोन थेंब."

पंक्चरवाल्याकडे कुठलीशी ट्यूब पाण्यात बुडत होती, तिचे बुडबुडे ऐकू येत होते. दादाने बुटाचं टोक जमिनीवर आपटून पाहिलं. एकदा, दोनदा.

"म्हणजे मशीन बरी आहे," तो म्हणाला.

मेस्त्री वाकलेलाच राहिला. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आधार म्हणून की आणखी कशासाठी, ते सांगता आलं नसतं. तसाच हात ठेवून तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला मी सांगेन. तू नको बोलूस." आणि मग, "तुझं कसं आहे?"

"माझं काय? बरं आहे."

"चप्पल?"

"नाही निसटत."

"बरं."

गाडीला धरत धरत दादा पुढून वळसा घालून पलीकडे गेला. एकोणीस वर्षांत तो त्या बाजूने कधी चढला नव्हता, त्याला दाराची कडी पटकन सापडेना. सापडल्यावर त्याने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, दार ओढलं, आणि डावा हात डॅशबोर्डवर सपाट ठेवला.

"चल, एकदा ऐकव मला," तो म्हणाला. "चढताना कशी बोलते ते कित्येक दिवसांत ऐकलं नाही."

मेस्त्री स्टिअरिंगमागे बसला. दादाने डोळे मिटले.

"घे," तो म्हणाला.

मेस्त्रीने पायडलवर पाय ठेवला आणि दाबला. ते आज थोडं जड लागतंय की नेहमीचंच आहे, त्याला चटकन कळेना.