बुडत्या कंपनीची गाडी

मी वलवणच्या रतनभाऊंची विजेवर चालणारी गाडी बोलतेय. माझा हॉर्न आता वाजत नाही, त्यामुळे जे काही सांगायचं ते असं हळू आवाजातच.

माझा जन्म झाला तेव्हाच माझ्या कंपनीला घरघर लागली होती. पुण्याच्या शोरूममध्ये रतनभाऊंच्या हातात किल्ली देऊन फोटो काढत होते आणि मागून दोन माणसं खुर्च्या उचलून नेत होती. पेढा मात्र दिला हो.

मुलगा आकाश बजावत होता, "पप्पा, बुडत्याचा पाय खोलात. उद्या कंपनीच राहिली नाही तर गाडी दाखवायची कुणाला?"

"कंपनीचं कंपनी बघंल," रतनभाऊ म्हणाले. "तुज्या आईला हिच्यात मळमळत न्हाई."

खरं कारण हेच. चंपाबाईंना एसटी लागायची, जीप लागायची, पेट्रोलच्या नुसत्या वासानं पोटात ढवळायचं. माहेर पवन मावळात, म्हणजे काही परमुलखात नव्हे, पण जाणं वर्षानुवर्षं राहिलेलं. मला पहिल्यांदा चालवून पाहिलं तेव्हा त्या मुठीत लिंबू धरून बसल्या होत्या. ते हुंगायची वेळच आली नाही. घरी गेल्यावर त्याचं सरबत केलं.

मग काय, दर पंधरवड्याला माहेर. थोरली बहीण बयाबाई येऊन माझ्यातच बसायची आणि दोघींच्या गप्पा सुरू व्हायच्या, घरात चांगली बाज टाकलेली असताना. माणसं गाडी कुठं तरी जाण्यासाठी घेतात असं मी समजत होते. त्यांना नुसतं बसायलाही गाडी लागते.

वर्षाच्या आत कंपनीला टाळं लागलं. बेगडेवाडीच्या नंदाबाईंनी आमच्याच दिवशी माझी जुळी बहीण घेतली होती. तिच्यातून त्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवत. सुटं सामान आता मिळायचं कुठून? नंदाबाई आणि रतनभाऊंनी एकमेकांना शब्द दिला, की ज्याची गाडी आधी बंद पडेल त्यानं तिचं सामान दुसऱ्याला द्यायचं.

मागच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चंपाबाई गेल्या. तेव्हापासून मी परसात उभी आहे. रतनभाऊ मला पुसायचे, रोज चार्जिंगला लावायचे आणि कुठंच न्यायचे नाहीत. एखादीला दोन वेळ जेवू घालावं आणि तिच्याशी कुणी बोलू नये, तसं माझं झालं.

एके दिवशी नंदाबाई रिक्षातून उतरल्या, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"भाऊ, माजी बंद पडली. आतला चार्जर जळाला. बोललो व्हतो तसं सामान घिऊन जावा तुमी."

"आन् डबे?"

"डबे ऱ्हायले. बगू कायतरी."

रतनभाऊंनी माझ्या टपावर हात ठेवला. माझाच चार्जर काढून द्यायचा त्यांचा विचार दिसत होता. मी संपले तर चंपाबाई जिथं आनंदात बसल्या ती जागाही संपणार, हे मला कळत होतं. पण इथं उभ्या उभ्या गंजण्यात तरी काय अर्थ होता?

"ताई, तुमची गाडी पोटाला घालती," ते म्हणाले. "माजी नुसती उभी हाय. हिचा चार्जर काढून न्या."

नंदाबाई नको नको म्हणत राहिल्या, पण रतनभाऊंनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला.

आता माझी बहीण पुन्हा डबे घेऊन धावते. मला अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू? उरल्यासुरल्या चार्जिंगवर रतनभाऊ रोज संध्याकाळी माझ्यात येऊन बसायचे. पंखा लावायचे आणि शेजारच्या रिकाम्या सीटला दिवसभराचं सांगायचे. काल त्यांनी बटण दाबलं, पण काहीच लागलं नाही. पुन्हा दाबलं.

"रुसलीस व्हय?" एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

रतनभाऊ, मी रुसले नाही हो. माझ्याजवळ आता वारा नाही, उजेड नाही. तरी संध्याकाळी येत जा. दार उघडायला वीज लागत नाही.