‘तो’ नसलेल्या दोन भाषा

कुन्लेचा आवाज त्याच्या पावलांच्या आधी जिना चढायचा. बीर-शेव्यातल्या उन्हाळी दुपारी, वाळवंटाची पिवळी धूळ खिडकीच्या काचेवर साचलेली असताना, तो खालूनच ‘रिबका’ अशी हाक मारी, आणि माझ्या साध्या तीन अक्षरी नावात एक चढ, एक उतार आणि एक सपाटी आहे हे मला नव्यानं कळे.

तो नायजेरियाहून कोरडवाहू शेती शिकायला आला होता. त्याची योरुबा भाषा सुरांवर चालते. ‘ओको’ एका सुरात नवरा, दुसऱ्यात कुदळ, तिसऱ्यात गाडी. सूर दाखवताना त्याची लांब बोटं हवेत अशी वरखाली होत, जणू एखाद्या अदृश्य मांजराच्या पाठीवरून ती फिरत आहेत. एकदा मी ‘गाडी आली’ म्हणायला गेले आणि ‘नवरा आला’ म्हणून बसले. तो हसत हसत पायरीवरच बसला. ‘मग त्याचं तिकीट कोण काढणार?’

मी जवळच्याच येरुहाम गावची, कोकणी ज्यू घरातली. वडील कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून ज्यूंच्या या नव्या देशात, येरुहामच्या कारखान्यात आले. त्यांनी तिथं रात्रपाळ्या केल्या म्हणून आमच्या घरात पहिल्यांदा कुणी विद्यापीठाची पायरी चढलं. आठवडाभर मी बीर-शेव्यात तमारा-होलाच्या खोलीत भाड्यानं राहत असे. ‘होला’ म्हणजे मावशी. ही मावशी उझबेकिस्तानातल्या कोकंदची. घरात तिची आणखी एक बोली होती, पण अंगणाची आणि बाजाराची भाषा उझबेक. योरुबाचे शब्द टिचकीएवढे, उझबेकचे मालगाडीसारखे. ‘उय’ म्हणजे घर. त्याला ती डबे जोडत जाई: घरं, आमची घरं, आमच्या घरांतून. कणीक मळता मळता ‘उयलारिमिझदान’ म्हणताना तिचा हात मध्येच थांबे, आणि त्या एका शब्दातून मागे राहिलेली अख्खी गल्ली निघून जाताना दिसे.

आम्हाला परस्परांशी नातं नसलेल्या दोन भाषांची तुलना करायला सांगितली होती. मी माझ्या जिन्यावरच्याच दोन घेतल्या. दर गुरुवारी कुन्ले येई, होला चहा करी, मी वही उघडी. ‘पाणी आण’ला योरुबात दोन क्रियापदं लागतात: घे आणि ये. उझबेकमध्येही घेऊन ये. माझ्या आईच्या तोंडीही तेच, पाणी घेऊन ये. वडीलधाऱ्यांना दोघांकडे निराळं ‘तुम्ही’ होतं, आणि हिब्रूत पंतप्रधानांनाही ‘तू’च.

एकदा कुन्ले येरुहामला आमच्या घरी आला आणि वडिलांसमोर त्याच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर पालथा झाला. वडील क्षणभर गांगरले. मग त्यांचे डोळे भरले. ‘बघ गं रिबका, हितल्या पोरांची कंबर वाकतच नाय.’ आईला त्याचं नाव जमेना. ‘कुणाल, जेवल्याबिगर जाव नको हां!’ तो ताटावर बसला तो थेट संध्याकाळी उठला.

मात्र या दोन भाषांत जी गोष्ट नाही, तीच माझ्या निबंधाचा गाभा ठरली. दोघींत ‘तो’ नाही आणि ‘ती’ही नाही. योरुबातला ‘ओ’, उझबेकमधला ‘उ’, म्हणजे तो, ती, ते, सगळंच. म्हणून हिब्रू बोलताना दोघांची एकच चूक होई. हिब्रूत ‘हू’ म्हणजे तो आणि ‘ही’ म्हणजे ती. होला आपल्या मेलेल्या नवऱ्यालाही ‘ही’ म्हणे. त्या चुकीवर मी सात पानं लिहिली.

ती पानं लिहीत असतानाच कुन्लेनं विचारलं होतं. माझ्याकडून शिकलेल्या मराठीत, सूर चुकवत, ‘रिबका, तुला घेऊन जाऊ?’ मी म्हटलं, निबंध होऊ दे, मग सांगते. मनात ‘हो’ तयार होतं. फक्त तोंडात आणायचं होतं.

१९७३च्या त्या शरदात युद्ध झालं आणि त्याच्या देशानं आमच्या देशाशी संबंध तोडले. एके दिवशी तीन वाजता मी ग्रंथालयातून आले. होला दारातच होती. ‘ती आली होती. बसस्टँडवर थांबलीय, चारच्या गाडीपर्यंत. लवकर जा.’ दर आठवड्याला माझी धाकटी बहीण सिम्हा आईचा डबा घेऊन येई. मला वाटलं, तीच. चारची सोडून पुढची गाडी धरेल, नेहमीच तर थांबते. मी शेवटचं पान उतरवून काढलं, केस धुतले. साडेचारला स्टँडवर गेले. सिम्हा नव्हती. कंटाळून गेली असेल, असं म्हणत परत फिरले.

‘भेटली?’ होलानं विचारलं.

‘कोण, सिम्हा?’

‘कसली सिम्हा! कुन्ले. विमानाला गेली ना ती!’

मी भिंतीला टेकले. माझ्या चेहऱ्याकडे बघता बघता होलाच्या लक्षात आलं, आणि ती हिब्रू विसरली. पिठाचे हात छातीशी धरून आपल्या भाषेत एवढंच म्हणाली, ‘उ केतिब्दी.’

मी धाडलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. निबंधाला उत्तम गुण मिळाले. वडिलांनी ती वही सगळ्या शेजाऱ्यांना दाखवली. आज मी ओफाकिममध्ये शिकवते. होला आता नाही.

उझबेकमध्ये जाण्याची दोन रूपं आहेत. डोळ्यांदेखत कुणी गेलं तर ‘केत्दी’. आपल्याला ते मागाहून कळलं, तर ‘केतिब्दी’. मराठीत मला एकच ‘गेला’ मिळालं, आणि ते उच्चारताना दर वेळी मी न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देते. बसच्या खिडकीतून त्यानं मागे वळून पाहिलं की नाही, हे मला माहीत नाही. काळ पुढे गेला तो सगळा या न पाहिलेल्या तासाभोवतीनं; माणसाची आठवण उरते, पण त्याचं जाणं ज्यानं पाहिलंच नाही त्याला ते रोज नव्यानं, मागाहून, कळत राहतं.