काळजीपोटी

आमच्या कंपनीचं बायकांवर फार प्रेम आहे. इतकं, की त्या प्रेमाचा एक स्वतंत्र विभागच काढलाय. त्याला दर वर्षी निधी मिळतो, निधीतून जांभळे फुगे येतात, कॉफीचे जांभळे मग येतात आणि मगांवर 'तू करू शकतेस' असं लिहून येतं. काय करू शकतेस ते मात्र कोणी लिहीत नाही. मगावर तेवढी जागा नसते.

त्या वर्षी फुग्यांच्या बरोबरीने माझा फोटोही लावला होता. लिफ्टशेजारी, पुरुषभर उंचीचा. खाली मोठ्या अक्षरांत 'धाडसी वाट : परिचारिका ते प्रोग्रॅमर'. लिफ्टची वाट बघणारे लोक एकदा फोटोकडे बघायचे, एकदा माझ्याकडे, आणि मग उगीचच मोबाइल काढायचे.

वाट कसली, चांगला नागमोडी घाट होता तो. बरीच वर्षं मी इस्पितळात नर्स होते. पाठीचा मणका कुरकुरायला लागला तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले. ती शाळा बंद पडली तेव्हा नवऱ्याच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात बसले आणि बसल्या बसल्या मशीन उघडायला शिकले. मग चाळिशीच्या तोंडावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकले. घरी प्रत्येक वेळी आनंदीआनंद. सासूबाई म्हणायच्या, "लोक उशांचे अभ्रे बदलतात, आमची सून नोकऱ्या बदलते." नवरा काहीच म्हणायचा नाही, म्हणजे काळजीत असायचा. पोस्टरवरून प्रयोगशाळा आणि शिलाई मशीन दोन्ही गाळलं होतं, कारण धाडस दोनच टप्प्यांत बसवलं की फोटोला उठाव येतो म्हणे. वास्तविक बिघाड शोधायचा कसा, हे मला त्या शिलाई मशिनांनीच शिकवलंय. दोरा तुटतो एकीकडे आणि दोष असतो भलतीकडेच.

ऑफिसात मला सगळे 'सिस्टर' म्हणतात. आमची कंपनी इस्पितळांना औषधांची यंत्रणा पुरवते. वॉर्डातून मागणी नोंदवली की औषधभांडारात ती दिसते आणि औषध वर येतं. यंत्रणा रात्री बंद पडली तर कोणीतरी उठून ती चालू करावी लागते, त्यासाठी एक फोन आहे. साधा, काळा, कोपऱ्याला तडा गेलेला. दर सोमवारी तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि ज्याच्याकडे जातो त्याची आठवड्याची झोप कंपनीच्या नावावर होते.

हा फोन बायकांना द्यायचा नाही, असं कंपनीचं धोरण होतं. काळजीपोटी. आणि टीमप्रमुख व्हायचं तर वर्षभर फोनच्या पाळीत असायला हवं, हेही धोरण होतं. ते गुणवत्तेपोटी. दोन्ही धोरणं वेगवेगळ्या मजल्यांवर लिहिली गेली होती, त्यामुळे त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नव्हती.

ती गाठ पाचरीने पाडली. पाचर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी. मीटिंग गुळगुळीत चालली असताना मध्येच एक प्रश्न ठोकायची, म्हणून ते नाव. वयाने माझ्या मुलीहून जरा मोठी, बाप रंगारी, आणि आमच्या यंत्रणेचा निम्मा भाग तिने नव्याने लिहिलेला. टीमप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा तिने अर्ज केला. दुसरा अर्ज होता टीममधल्या नव्या बापाचा. त्याला अलीकडेच जुळं झालं होतं आणि जुळं आणि फोन एकाच आठवड्यात आले की तो उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा.

पाचरीचा अर्ज परत आला. ती मला हाताला धरून मनुष्यबळ विभागाच्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंच्या खोलीत सोफा आहे, सोफ्यावर उशी आहे आणि उशीवर 'इथे तुमचं ऐकलं जातं' असं भरतकाम आहे.

"अगं, तुझ्याकडे फोनचा अनुभव नाही ना," बाई मायेने म्हणाल्या.

"मॅडम, मी दोनदा मागितला. तुम्हीच नाही म्हणालात."

"म्हणजे काय! रात्रीबेरात्री मुलीच्या जातीला उठवायचं? तुझ्या भल्यासाठीच आहे ते."

"मग प्रमुख कशी होणार?"

"अनुभव मिळव ना."

पाचर माझ्याकडे बघायला लागली. मी उशीकडे बघायला लागले. बाईंनी आम्हाला एकेक जांभळा मग दिला आणि दार उघडून धरलं.

बाहेर आल्यावर पाचर म्हणाली, "सिस्टर, मी दुसरीकडे नोकरी बघते." रागाने म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. पण ती दमून म्हणाली. एवढी हुशार मुलगी, स्वतः बांधलेलं घर सोडून निघाली होती, का, तर तिला उंबऱ्याच्या आत न घेणाऱ्यांना तिची फार काळजी होती.

त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे मालक. दहा वर्षांत त्यांनी यंत्रणेला हात लावला नव्हता, पण उंटावरून शेळ्या इतक्या सफाईने हाकायचे की शेळ्यांनाही कौतुक वाटावं.

"सिस्टर, महिला कार्यक्रमात तुमचा सत्कार. आणि एक गोड बातमी. तुम्ही आता 'महिला प्रेरणा प्रमुख'. स्वतंत्र केबिन, खिडकीसकट."

"आणि माझं काम?"

"प्रेरणा देणं! प्रोग्रॅमिंगची कटकट आता पुरे. हे तुमचं भाषण." त्यांनी कागद पुढे सरकवला. "मधला परिच्छेद नीट वाचा. आपण बायकांना रात्रीचा त्रास देत नाही, तो. पाहुण्या बाई सहा इस्पितळांच्या प्रमुख आहेत, त्यांचं कंत्राट यायचंय. त्यांना असं काही ऐकायला आवडेल."

मोह झाला. खोटं कशाला बोलू? खिडकीशेजारी बसायचं, मणक्याला आराम, पगार वर, आणि काम काय, तर हसतमुख राहायचं. घरी सांगितलं तर सासूबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "ही तेवढी टिकव." नवऱ्याने विचारलं, "आणि ती पोरगी?" मी म्हटलं, "जाईल दुसरीकडे." तो पुढे काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्याचा मला इतका राग आला की मी भांडी उगाच आपटून घासली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह जांभळं झालं होतं. फुगे बायकांनी फुगवले होते, खुर्च्या बायकांनी मांडल्या होत्या, सूत्रसंचालन एक बाई करत होती आणि 'तंत्रज्ञानातील स्त्रिया : पुढील दिशा' या विषयावर तीन पुरुष बोलून गेले होते. मग मला व्यासपीठावर बोलावलं. मी भाषण वाचायला लागले. मधल्या परिच्छेदापाशी आले. 'आमची कंपनी बायकांना रात्रीचा त्रास देत नाही' हे वाक्य डोळ्यांपुढे होतं आणि ते माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

मी कागद खाली ठेवला. पोस्टरवरच्या बाईने तो शेवटपर्यंत वाचला असता.

"मी कित्येक वर्षं इस्पितळात रात्रपाळी केली," मी म्हटलं. "बेडपॅन उचलले, सलाईन लावली, मेलेल्या माणसाचे डोळे मिटले. तेव्हा, रात्रीची वेळ आहे, बाईमाणसाला त्रास होईल, असं कोणालाही वाटलं नाही. आता त्याच इस्पितळाचा संगणक रात्री बंद पडला, तर तो चालू करायला मी फार नाजूक आहे म्हणे. रात्र तीच, बाई तीच. फक्त या रात्रीनंतर बढती मिळते, तेवढाच फरक."

मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

"मला सत्कार नको. केबिन नको. तो फोन द्या. मला पाळी लावा आणि माझ्या शेजारी बसते त्या मुलीला लावा. तिला टीमप्रमुख व्हायचंय आणि ती होण्यासारखी आहे."

त्या आठवड्यात फोन नव्या बापाकडे होता. तो पाचव्या रांगेत पेंगत बसला होता. 'फोन द्या' एवढंच त्याच्या कानांवर पडलं असावं. तो ताडकन उठला, खुर्च्यांतून वाट काढत अक्षरशः धावत व्यासपीठावर आला आणि फोन माझ्या हातात कोंबून म्हणाला, "घ्या सिस्टर, देव तुमचं भलं करो." चार्जरही दिला. जाताना डोळे पुसत होता. बायकांची काळजी घेता घेता या लोकांचीही किती वाट लागली होती, हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

पाहुण्या बाई हसायला लागल्या. मग त्यांनी मोठ्या साहेबांना विचारलं, "अहो, माझ्याकडे रात्री वॉर्डात ज्या नर्स असतात, तशा बायकांना तुमच्याकडे फोन उचलायचीही परवानगी नाही?" सोनारानेच कान टोचले. साहेब म्हणाले, "तेच बदलायचं आमच्या मनात होतं," आणि सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

केबिन अर्थातच गेली. तिथे आता फुगे ठेवतात.

फोन मात्र फिरायला लागला. माझ्याकडे आला, पाचरीकडे आला, आणखी चौघींनी मागून घेतला. सकाळी डोळे चोळत यायचो, पण यंत्रणा कुठे दुखते ते आता आम्हालाही कळायला लागलं होतं. रात्री वारंवार बंद पडणारा एक भाग तर पाचरीने असा दुरुस्त केला की फोनचं वाजणं निम्म्यावर आलं. टीमप्रमुखाची जागा तोवर रिकामीच होती. साहेबांचं म्हणणं, घाई नाही; नव्या बापाचा अर्जही तसाच पडून होता. वर्ष भरल्यावर तिने पुन्हा अर्ज केला आणि साहेबांनी टीमची बैठक घेतली.

"फोनची अट आपण काढून टाकलीय," साहेब म्हणाले. "आता काय, पोरीबाळीही सांभाळतात. त्यात विशेष असं काय राहिलं? यापुढे व्यवस्थापनाची पदवी लागेल."

पाचरीकडे ती नव्हती. नव्या बापाकडे होती. मला वाटलं, झालं, आता ही उठून जाईल. मला संताप आला होता, पण माझे शब्द सगळे मागच्या वर्षी स्टेजवर खर्च झाले होते.

पाचर उठली नाही. तिने शांतपणे विचारलं, "सर, म्हणजे काम सोपं आहे?"

"सोपंच की."

"मग या आठवड्यात तुम्ही घ्या ना."

सोमवार होता. फोन नव्या बापाकडून माझ्याकडे यायचा होता. तो उठला आणि त्याने फोन माझ्याऐवजी साहेबांपुढे ठेवला. म्हणाला, "आणि सर, माझा अर्ज मागे घेतो. घरी दोन पोरं सांभाळणं लोकांना सोपं वाटतं ना, त्यांच्यामुळे मला सोपं म्हणजे काय ते कळलंय." मग साहेबांनी टेबलाभोवती सगळ्यांकडे बघितलं. फोनकडे कोणी हात नेला नाही. साहेबांचा स्वाभिमान जागा झाला. "ही कंपनी मी उभी केलीय," म्हणत त्यांनी फोन खिशात टाकला.

पहिल्याच रात्री फोन वाजला. साहेबांनी तो उचलला आणि दुसऱ्या हाताने पाचरीला फोन लावला. वॉर्डात माणसं असतात, त्यामुळे ती खेळ करत बसली नाही. एकेक पायरी तिने त्यांना सांगितली. फक्त स्वतः हात लावला नाही. दुसऱ्या रात्रीही तेच, तिसऱ्या रात्री दोनदा. ते तिने मला सकाळी सांगितलं, हसत नाही, जांभया देत.

चौथ्या दिवशी साहेब आले ते शर्टाची बटणं वरखाली लावून. आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. फोन टेबलावर ठेवला, त्याच्यापासून खुर्ची जरा मागे घेतली आणि म्हणाले, "हे एका माणसाचं काम नाही. अमानुष आहे. यापुढे पाळीला दोघं, आणि जास्तीचा भत्ता."

जे आम्ही वर्षभर केलं ते सोपं होतं. त्यांनी तीन रात्री केल्यावर ते अमानुष झालं. मी जिभेला लगाम घातला, कारण पाचरीच्या नेमणुकीचा कागद त्यांच्या हाताखाली होता आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

टोपण काढून ते थांबले. तिच्याकडे नीट बघितलं, मला वाटतं पहिल्यांदाच. "वर्षभर कसं काढलंस गं तू हे?" त्यांनी विचारलं. आवाजात खरंच आश्चर्य होतं.

"रात्रीचं काही वाटलं नाही, सर," पाचर म्हणाली. "बिघडलेलं असायचं ते दुरुस्त व्हायचं. मला दिवसा जड जायचं."

साहेबांनी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.