ऐकलं तेवढंच

"पोरगा 'पाणी' म्हणाला म्हणे! सुटलात बाई एकदाच्या काळजीतून," कारकून म्हणाला, आणि त्याच्या बायकोच्या दंडाला बी.पी.चा पट्टा गुंडाळणाऱ्या नर्सचा हात जागच्या जागी थांबला.

बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आज ती पहिल्यांदा उठून बसली, त्यामुळे कारकुनाची स्वारी खुशीत होती. खुशीत माणसाची जीभ सैल सुटते, तशी ती सुटली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" नर्सने विचारलं.

"असंच... इथंच कोणीतरी बोलत होतं."

"इथं कोणालाच माहीत नाही. पोरगं चार वर्षांचं झालं तरी बोलत नव्हतं. त्याचा बाप बोटीवर असतो. तो घरी आला की त्याच्यासमोरच बोलू दे, म्हणून मी त्यालासुद्धा सांगितलं नाही. फक्त माझ्या बहिणीला मेसेज केला." ती एकेक शब्द तोलून बोलत होती. "कुठे नोकरी करता तुम्ही?"

उत्तर बायकोनेच दिलं, तेही कौतुकाने. "सरकारी खात्यात आहेत. जुनी कागदपत्रं सांभाळतात."

"बी.पी. छान आहे, मावशी," नर्स म्हणाली आणि कारकुनाकडे न बघता निघून गेली.

जुनी कागदपत्रं कसली डोंबलाची! भिंतीला कान असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं; त्या कानांना पगार आणि रजाही असते, हे कोणी सांगत नाही. खिडक्यांना कागद चिकटवलेल्या एका खोलीत बसून कारकून लोकांचे मेसेज वाचायचा. नर्सेसच्या संघटनेवर नजर ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं. ही नर्स त्यांची चिटणीस, म्हणून खोलीत तिला 'भोंगा' असं नाव पडलेलं. भोंग्याच्या सभा, मागण्या, शिव्याशाप तो वर्षभर वाचत आला होता. पण सकाळी आल्या आल्या तो आधी उघडायचा ते तिचं बहिणीशी चाललेलं बोलणं. पोरगं बोललं का, हे त्याला बघायचं असे. परवा ते 'पाणी' वाचलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. नको तिथे माया लावून बसला होता शहाणा! बारशालाही न बोलावलेला पाहुणा पाळण्याला झोका देत होता.

आपलं कोणी वाचतंय, अशी तक्रार घेऊन संघटना कोर्टात गेली होती. सभा ठरायच्या आधीच वरिष्ठांना तिची खबर असायची, पण पुरावा काही नव्हता. कायदेशीर परवानगीशिवाय आम्ही कोणाचं अक्षरही वाचत नाही, असं सरकारी वकील नाकाने कांदे सोलत सांगत होता. प्रत्यक्षात परवानग्या महिनाअखेर गठ्ठ्याने सही होऊन यायच्या, वाचून झालेल्या मजकुरासाठी. वरातीमागून घोडं, पण घोड्यावर सरकारी शिक्का!

संध्याकाळी वॉर्डाच्या दाराशी कारकुनाने नर्सला गाठलं. "सिस्टर, राग मानू नका. मला खरंच आनंद झाला हो. तुमच्याबद्दल वाईट कधी लिहिलं नाही मी. आणि सगळं कायद्यात बसतं, परवानगी असते."

"परवानगी आधी येते की तुम्ही आधी वाचता?"

कारकून घुटमळला. "खात्याची रीत असते ना, आपण काय करणार..."

"हेच कोर्टात येऊन सांगाल?"

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. नोकरी डोळ्यांसमोर आली. "मी? अहो, मी काही बोललोच नाही. सकाळीही नाही, आत्ताही नाही. भास झाला असेल तुम्हाला. दिवसभर उभं राहून होतं असं."

नर्स म्हणाली, "पोराच्या बापाच्या आधी तुम्हाला कळलं. ते परत कसं घेऊ मी तुमच्याकडून?"

तो आत आला तेव्हा बायको दाराशेजारच्या तिच्या खाटेवर दाराकडे तोंड करून बसलेली होती.

"भास मलाही झाला का?" तिने विचारलं.

"तू यात पडू नकोस."

"माझं आणि ताईचं बोलणंही वाचलंत?"

"वेडी का काय! तुझं कशाला वाचेन?"

"मग दुसरा कोणी वाचत असेल. तुमच्यासारखाच, मायेनं. त्या पोरीनं माझी पाठ पुसली, मला कुशीवर वळवलं, घाण काढली. आणि तुम्ही तिलाच वेडी ठरवलंत. मी सांगणार कोर्टात. जेवढं ऐकलं तेवढंच सांगेन."

"नवऱ्याच्या विरोधात? घर कसं चालेल, कळतंय का?"

"कळतंय. भीतीही वाटतेय," ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे मान वळवली.

घरी परतल्यावर तो गोड बोलून बघू लागला, मग चिडू लागला, मग जेवण टाकू लागला. ती ताट झाकून ठेवायची. पूर्वी संध्याकाळभर तिच्या तोंडाचा पट्टा चालायचा. आता ती औषधाची वेळ झाली एवढंच बोलायची. बहिणीला फोन करायचा झाला की काठी टेकत अंगणात जायची. त्या घराची त्याला भीती वाटू लागली.

सुनावणीच्या सकाळी संघटनेच्या वकिलाची गाडी दाराशी येऊन थांबली. बायको नवी साडी नेसून उंबऱ्याजवळ आली. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. तिने पाय चपलेत सरकवले, पण पट्टे लागेनात. काठीच्या टोकाने ती ते ओढून बघत राहिली. त्याला मात्र तिने हाक मारली नाही.

कारकून खुर्चीतून उठला. तो खाली बसला, एका पायाचा पट्टा त्याने लावला, मग दुसऱ्याचा. दुसरा घट्ट झाला म्हणून तो एका भोकाने सैल केला. तोल जाऊ नये म्हणून तिला आधार लागत होता. त्याचा खांदा हाताशीच होता.

तिने दाराची चौकट धरली.